बोहारीण आणि अभिरक्षक

दुपारची जेवणं उरकून बायका जरा पाठ टेकायला जात, तेवढ्यात आळीच्या तोंडाशी हाक यायची, "जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ!" चिपळूणच्या आमच्या घरी बोहारीण एकदा पडवीत बसली की तास-दीड तास हलत नसे. आईने आणून टाकलेलं लुगडं ती लगेच उघडायची नाही. घडी तशीच तळहातावर तोलायची. मग एक टोक उलगडून उजेडाकडे धरायची, दोन अंगठ्यांमध्ये कापड ताणून बघायची, आणि चर्र आवाज आला की आईकडे न बघता ते बाजूला सरकवायची. काठाला जर असली तर नखाने खरवडायची; खरी की नकली ते तिला तेवढ्यात कळे. शेवटी घासाघीस होऊन स्टीलचा एक डबा घरात राहायचा आणि आजीच्या सणासुदीचं निम्मं आयुष्य गाठोड्यात बांधून निघून जायचं. फाटक्या शालूची जर जाळून चांदी काढतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

इतक्या बारकाईने कापड पाहणारं माणूस मला पुढे संग्रहालयांच्या कोठारांत फार क्वचित भेटलं. म्हणूनच आपल्याकडच्या वस्त्रसंग्रहांबद्दल लिहायला बसले की मला पहिल्यांदा तीच आठवते. महाराष्ट्रात वस्त्रसंग्रहाची खरी स्पर्धा परदेशी संग्राहकांशी नाही, तिच्याशी आहे. आणि निकाल बघितला तर तीच जिंकलेली आहे.

सरकारी संग्रहालयांत क्युरेटरच्या पदाला 'अभिरक्षक' म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण त्यात पहाऱ्याचा वास येतो. दाराशी बंदूकधारी, आत अभिरक्षक. वस्तू राखणं हे या कामाचं पहिलं अंग खरंच; पण कापडाच्या बाबतीत नुसतं राखून भागत नाही. तांब्याचा हंडा शंभर वर्षांनी उचलला तरी हंडाच राहतो. लुगडं अंगावरून उतरलं की नऊ वार कापड उरतं, सव्वाआठ मीटरची एक पट्टी. ते कुणी, कसं, कुठल्या कामाला नेसलं होतं हे शेजारी लिहून ठेवलं नाही, तर राखलेलं ते नेमकं काय?

आपल्याकडे संग्रह नाहीत असं नव्हे. पुण्यात दिनकर केळकरांनी चष्म्यांचा धंदा सांभाळून, कमलाबाईंच्या साथीने, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने जो संसार जमवला, तो १९७५ साली त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केला. वीस हजारांवर वस्तूंच्या त्या पसाऱ्यात अडकित्ते, दिवे, वाद्यं यांच्या बरोबरीने वस्त्रंही आहेत. आणि ती बहुतेक घरगुती आहेत, हे केळकरांचं मोठेपण. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांचं स्वतंत्र दालन आहे, संवर्धनाची प्रयोगशाळा आहे, वस्त्रं हाताळायला शिकलेली माणसं आहेत. कोल्हापूर, औंध, सातारा इथे संस्थानी आणि दरबारी पोशाख आहेत. शेजारच्या अहमदाबादेत साराभाईंनी १९४९ साली काढलेलं कॅलिको संग्रहालय तर देशातलं पहिल्या पंगतीचं. तिथे आगाऊ नाव नोंदवून, मोजक्या माणसांच्या घोळक्यातून, मार्गदर्शकाच्या मागे मागे फिरावं लागतं. अनेकांना त्याचा राग येतो, मला येत नाही. रेशमाला आणि जुन्या रंगांना उजेड सोसत नाही. पन्नास लक्सच्या मंद प्रकाशात काही महिने दाखवायचं आणि पुन्हा अंधारात विसाव्याला न्यायचं, असं हे नाजूक दुखणं आहे. ज्या संग्रहालयात तीच पैठणी दहा वर्षं त्याच ट्यूबलाइटखाली लटकते आहे, तिथे फुकट आत सोडतात याचं कौतुक कशाला करायचं?

या सगळ्या दालनांतून हिंडताना एक गोष्ट मात्र सारखी खुपते, ती म्हणजे पाट्या. 'साडी, रेशीम व जर, पैठण, १९वे शतक.' झालं. कुणाची होती ते नाही. लग्नातली, की ओटीत आलेली, की सावकाराकडे गहाण पडलेली, ते नाही. पैठणीच्या पदराची सगळी करामत अशी की विणताना रंगाचे धागे एकमेकांत अडकवत नेल्यामुळे मोर-मुनिया उलट-सुलट सारख्याच दिसतात. आपण ती पाठ भिंतीला लावून एका अंगाने टांगतो. म्हणजे विणकराने महिनोन् महिने डोळे फोडून जे साधलं, ते भिंतीला दाखवतो. एक आरसा मागे ठेवला तरी काम भागेल.

या त्रोटक पाट्यांची मुळं शोधायला गेलं तर १८६६ पर्यंत मागे जावं लागतं. मुंबई लष्कराच्या वैद्यकीय सेवेत डॉक्टर म्हणून आलेले जॉन फोर्ब्स वॉटसन पुढे लंडनला इंडिया ऑफिसच्या संग्रहालयात गेले आणि त्यांनी हिंदुस्थानातल्या कापडांचे सातशे नमुने अठरा खंडांत चिकटवले. असे वीस संच केले. तेरा विलायतेत राहिले, सात इकडे आले. हेतू लपवलेला नव्हता: इथले लोक काय नेसतात ते विलायतेतल्या गिरणीवाल्यांना कळावं आणि त्यांनी तसंच काढून इथे विकावं. त्यासाठी लुगडी, धोतरं, पागोटी कापली. एका लुगड्याचे वीस तुकडे, प्रत्येक संचात एक. विचित्र गोष्ट अशी की कापड कापणाऱ्या या माणसाने लांबी, रुंदी, वजन, गाव आणि ते कोण वापरतं, हे नेटकं नोंदवून ठेवलं. अख्खं कापड राखणाऱ्या आमच्या अनेक नोंदवह्यांत तेवढंही सापडत नाही. व्यापाऱ्याची गरज होती म्हणून त्याने विचारलं. आपल्याला विचारायची गरजच पडली नाही, कारण घरोघरी सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असलेली माणसं गेली तशी माहितीही गेली.

नेसण्याचंच घ्या. एका संग्रहालयात (नाव कशाला घ्या) फायबरच्या पुतळ्याला नऊवारी नेसवलेली पाहिली. पुतळ्याचे पाय जोडलेले. आता सकच्छ लुगडं म्हणजे कासोटा, आणि कासोटा म्हणजे दोन पायांमधून मागे गेलेला ओघ. पायच जोडलेले असल्यावर तो जाणार कुठून? मग निऱ्या पुढे टाचल्या होत्या, मागे कापडाचा एक बोळा खोचला होता, आणि खाली पाटी, 'महाराष्ट्रीय स्त्रीचा पारंपरिक पोशाख'. जवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी काचेकडे बघून तोंडाला पदर लावला. हसू आलं असणार. त्या स्वतः नऊवारीत होत्या.

मुळात 'महाराष्ट्रीय स्त्रीचा पोशाख' अशी एकच चीज कधी नव्हती. आमच्या तालुक्यात शेतावर जाणारी कुणब्याची बाई लुगडं गुडघ्याशी आवळून नेसायची, चिखलात लावणी करायची तर दुसरं शक्य नव्हतं. भटाळीतल्या बाईचं लुगडं घोट्यापर्यंत उतरायचं. दाभोळ-गुहागरच्या खाडीकाठची कोळीण आणखी वेगळं. मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर अख्खा ग्रंथ लिहिला. मुंबईच्या संग्रहालयाचे संचालक मोतीचंद्र यांनी त्याच सुमारास प्राचीन वेशभूषेचा हिंदीत धांडोळा घेतला. दोघेही शिल्पं, चित्रं, ग्रंथ यांवरून बोलतात, आणि फार चांगलं बोलतात. पण जिवंत बायकांसमोर बसून कुठला सोगा आधी आणि कुठला मागाहून खोचायचा, हे देशभर हिंडून टिपलं ते शांताल बुलांजे या फ्रेंच बाईने. तिचं पुस्तक १९९७ सालचं, नेसण्याच्या शंभरावर पद्धतींचं. आपल्या किती संग्रहालयांनी लुगड्याबरोबर ते नेसणाऱ्या हातांचं चित्रण करून ठेवलं आहे? फोनवर दहा मिनिटांत होणारं हे काम. ज्यांना ते हात आहेत त्या बायका आज ऐंशीच्या पुढे आहेत.

चिपळुणातून हे लिहायला तसं कारणही आहे. आमच्याकडे पैठणीचे माग नाहीत, हिमरू नाही, खण विणणारे नाहीत. वस्त्रकलेच्या नकाशात रत्नागिरी जिल्हा कोरा. आणि तरीही मुंबईच्या गिरण्यांत पिढ्यान् पिढ्या कापड कुणी काढलं? चिपळूण, खेड, संगमेश्वर, गुहागरच्या माणसांनी. ताडदेवची पहिली गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली तेव्हापासून जानेवारी १९८२ चा संप होऊन गिरणगाव उठेपर्यंत आमच्या प्रत्येक वाडीचा एक पाय सांचाखात्यात होता. चाकरमानी गणपतीला यायचा तेव्हा वळकटीत गिरणीच्या दुकानातलं धोतर, मांजरपाट, पोरांच्या सदऱ्यांसाठी एकाच ताग्यातून फाडलेलं कापड. शिमग्याला अख्ख्या घराचे सदरे एकाच पट्ट्याचे दिसायचे. हे आमचं हातमागाइतकंच खरं वस्त्र. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं योजलं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. यंत्रं जपली जातील, धुराडं जपलं जाईल. पण त्या यंत्रांवर निघालेलं कापड शेवटी ज्या अंगांवर झिजलं, ती अंगं इथली आहेत. ते कापड शोधायचं तर इथेच शोधावं लागेल.

आणि इथे शोधायचं म्हणजे पाण्याशी गाठ. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत भिंतींना हात लावला तर ओल बोटांना लागते. पुस्तकी हिशेबाप्रमाणे वस्त्रांना पन्नास-पंचावन्न टक्क्यांची स्थिर आर्द्रता हवी. आमच्याकडे चार महिने ती नव्वदीला टेकलेली असते आणि वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही. त्यात वाशिष्ठी. २००५ च्या २६ जुलैला ती शहरात आली, २०२१ च्या २२ जुलैला पुन्हा आली. १८६४ साली स्थापन झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, आमचं लोटिस्मा, दोन्ही वेळा बुडालं. या संस्थेने वाचनालयाला जोडून वस्तुसंग्रहालय उभं केलं आहे, कुणा महाराजाच्या देणगीची वाट न बघता. पूर पचवून पुन्हा कपाटं लावणाऱ्या गावात जुनं जपण्याची हौस कमी आहे, असं मी तरी म्हणणार नाही.

त्या २०२१ च्या पुरानंतर तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एका घरी पत्र्याची ट्रंक उघडायला गेले. ती प्रसंगकथा नाही, कामाचा भाग आहे, म्हणून सांगते. झाकण गंजून आणि गाळाने धरलं होतं, पारईने उचकटलं. आत वर आजोबांचं मलमलचं धोतर, मधे दोन लुगडी, एक कद, खणाची चोळी, आणि तळाशी बाळाची कुंची. गाळ अजून ओला होता हे नशीब. गाळ वाळला की तो कापडाच्या धाग्यांत कापरासारखा उडून जात नाही, काचेसारखा कापत बसतो. म्हणून तो ओला असतानाच काढायचा. पण नळाला पाणी नव्हतं. बाहेर मात्र पाऊस पडत होता आणि कौलांवरून पागोळ्या लागल्या होत्या. मच्छरदाणीचा एक मोठा तुकडा दोघींनी चार टोकांना ताणून धरला, त्यावर एकेक कापड पसरलं आणि पागोळ्यांखाली नेलं. पिळायचं नाही, चोळायचं नाही, उचलायचं तर जाळीसकट. धोतराने सगळं सोसलं. शंभर वेळा धुतलेल्या सुताला एकशे एकावी धुणी जड जात नाही. लुगड्यांची जर काळी पडली होती, पण सुती अंग शाबूत. कद मात्र घड्यांवर तुटला. वर्षानुवर्षं त्याच घडीवर ठेवलेलं रेशीम ओलं झाल्यावर घडीच्या रेषेतून अलगद सुटं होतं, कैचीने कापल्यासारखं.

चूक माझीही झाली. घाईत मी चोळी आणि कुंची एकावर एक ठेवली, आणि तासाभरात खणाचा लाल रंग कुंचीच्या पांढऱ्या अस्तरात उतरला. ते डाग आता कायमचे आहेत. घरच्या सूनबाई म्हणाल्या, "असू दे हो ताई, पुराची खूण." मला तेव्हा फार ओशाळल्यासारखं झालं. आता वाटतं, त्या कुंचीच्या नोंदीत तो डाग, ती तारीख आणि माझी चूक तिन्ही लिहिली पाहिजेत. बडोद्याला १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवतात, लखनौला संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे पागोळ्यांखाली कापड धुवायचं शिकवत नसतील, पण ओल्या गाळाचं शिकवतात आणि ते ज्ञान तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं पाहिजे. उलट आमच्याकडूनही काही तिकडे जायला हरकत नाही. पावसाळा सरला की कपड्यांना ऊन दाखवायचं, रेशमी असेल तर फक्त वारा द्यायचा, घडी मोडून दुसरीकडून घालायची, वेखंडाची पुरचुंडी ठेवायची, आणि सगळं कोऱ्या मांजरपाटात बांधायचं. घडी बदलण्याचा नियम जगातल्या कुठल्याही वस्त्रसंग्रहात हाच आहे, आणि आमची आजी तो चतुर्थीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी पाळायची. डांबराच्या गोळ्या तेवढ्या थेट जरीवर ठेवू नयेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

फॅशनचं तर आपल्याकडे नाव काढायचं नाही. संग्रहालयात गेलेलं कापड म्हणजे 'परंपरा' आणि बदलतं ते कापड म्हणजे चंगळ, अशी एक वाटणी आपल्या डोक्यात पक्की आहे. मराठी बाईच्या आयुष्यातली गेल्या शतकातली सगळ्यांत मोठी उलथापालथ म्हणजे नऊवारी सुटून पाचवारी आली. कासोटा गेला, परकर आला, चालण्याची ढब बदलली, सायकलवर बसायची रीत बदलली, घराघरांत त्यावरून रुसवेफुगवे झाले. या बदलाचं एकही दालन महाराष्ट्रात माझ्या पाहण्यात नाही. आणि त्यानंतरचा खरा राष्ट्रीय पोशाख, गाऊन? गेली चाळीसेक वर्षं कोकणातल्या निम्म्या बायका सकाळी पाणी भरण्यापासून रात्री दार लावेपर्यंत मॅक्सीत असतात. दारात कुणी आलं की खांद्यावर टॉवेल टाकला, झाली सभ्य. बाजारात त्यांच्या राशी लागतात. एकाही संग्रहात एकही मॅक्सी नसेल यावर मी पैज लावायला तयार आहे. शंभर वर्षांनी कुणी विचारलं की २००० साली चिपळूणची बाई घरात काय घालायची, तर आपण पैठणी दाखवणार. शिवलेली नऊवारीही बघा: विजारीसारखी पायात घालायची, पाच मिनिटांत तयार. जाणकार नाकं मुरडतात. मला तर तो जोडलेल्या पायांच्या पुतळ्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक तोडगा वाटतो, आणि एखाद्या अभिरक्षकाने तिची पहिली पहिली शिवण आजच मिळवून ठेवावी.

भानू अथैयांची गोष्ट इथे टाळता येत नाही. कोल्हापूरच्या या मुलीने 'गांधी'च्या वेशभूषेसाठी भारताला पहिलं ऑस्कर आणलं. २०१२ साली तिने ते बाहुलं अमेरिकेतल्या अकादमीला परत दिलं, का तर आपल्यामागे इथे ते नीट सांभाळलं जाईल याची तिला खात्री वाटेना. त्या वेळी हळहळ पुष्कळ झाली. पण ती धातूची मूर्ती होती, कपाटात टिकली असती. हिंदी-मराठी पडद्यावर अर्धशतक तिने जे कपडे चढवले, त्यांच्या घड्या कोण बदलतं आहे, हा प्रश्न त्या हळहळीत कुणी विचारल्याचं आठवत नाही. बालगंधर्वांच्या शालूंचंही तसंच. आख्यायिका खंडीभर, त्यांच्या नेसण्याची नक्कल करणाऱ्या बायकांच्या गोष्टी तर घरोघर. आणि हातात धरून बघावं असं कापड, ते केवढंसं.

आता वाकळ. कोकणातल्या कापडाचा शेवट वाकळीत होतो आणि तिथून पुढे पोतेऱ्यात, म्हणून वाकळ जुनी सापडत नाही. सापडली तर ती उकलू नये, कडेने बघावी. गेल्या वर्षी सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीत अशी एक पाहिली. कोपरा झिजून उघडा पडला होता आणि थर मोजता येत होते. वर फुलाफुलांचं पातळ. त्याखाली हिरवं इरकली, काठ आतल्या बाजूला वळवलेला. मग शाळेच्या खाकी चड्डीचे दोन तुकडे. मग धोतर, आणि धोतराच्या शेवटावर गिरणीच्या छापाची निळी अक्षरं, अर्धी पुसलेली, 'मिल' एवढंच वाचता आलं. सगळ्यांतून एकच धावदोरा, बोटभर अंतरावर, कडेपासून आत फिरत गेलेला; मधेच दोरा पांढऱ्याचा काळा झाला होता, रीळ संपलं असणार. एका कोपऱ्याला तेलाचा मोठा डाग. घरच्या आजी म्हणाल्या, थोरला लेक तान्हा होता तेव्हा त्याला मालिश करून तिथे निजवत. लेक सासऱ्यांच्या धोतराच्या आणि नवऱ्याच्या चड्डीच्या वर झोपत होता. सासरे परळला बदली कामगार. चार फूट बाय सहा फूट कापडात तीन पिढ्यांचं मुंबई-कोकण मावलं होतं, आणि ते विणणाऱ्यासकट.

मी त्यांना म्हटलं, "आजी, ही आमच्या संग्रहाला द्याल? तुमच्या नावानिशी ठेवू, सासऱ्यांचं नावही लिहू." लगेच नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. चहा झाला. निघताना म्हणाल्या, "बाय, पुढल्या बाजाराला ये. देते."

मी बजावून सांगितलं की धुवायची नाही, आहे तशी हवी, डागासकट. त्यांनी मान डोलावली.

पुढल्या आठवड्यात गेले तर वाकळ पडवीत चौघड करून ठेवलेली. हात लावला तर उन्हाची ऊब आणि साबणाचा वास. तेलाच्या जागी फिकट पिवळी कडा तेवढी राहिली होती, आणि गिरणीची निळी अक्षरं बघायला मी कोपरा उचलला तर तोही सुबक शिवून बंद केलेला.

"अशी मळकी, फाटकी कुणाच्या हातात द्यायची काय?" आजी म्हणाल्या. "लोक बघणार ना तिथे."

मी नोंदवहीत पहिल्या भेटीची तारीख घातली, थर जसे पाहिले होते तसे लिहिले, आणि खाली दुसरी तारीख घालून लिहिलं: देणाऱ्यांनी धुतली, कोपरा शिवला. दोरा नवा, लाल.